झाडाच्या पोटातली बुरशी

मेच्या शेवटी नाशिकला वळवाचा पहिला दणका बसतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुठल्या ना कुठल्या रस्त्यावर गुलमोहर आडवा झालेला दिसतो. गाडी चेपते, तारा तुटतात, वाहतूक वळवावी लागते. कारण विचारलं तर सगळे एकच सांगतात: वारा. करवत घेऊन माणसं यायच्या आधी जमलं तर त्या झाडाची मोडलेली जागा नीट बघा. निरोगी लाकूड मोडतं तेव्हा लांब, टोकदार चिरफळ्या निघतात. पडलेल्या झाडांत मात्र पुष्कळदा बुंध्यापाशी नाहीतर मुळांपाशी लाकूड पांढुरकं पडलेलं असतं. बोटाने दाबलं तरी दबतं, तंतू सुटे होऊन हातात येतात. वाऱ्याने फक्त शेवटचा धक्का दिलेला असतो. बाकीचं काम आत कित्येक वर्षं चाललेलं असतं आणि ते बुरशीचं असतं.

या बुरशीला आत शिरायला वाट कोणी करून दिली, हा माझ्या मते खरा प्रश्न. जंगलात ती वाट वणवा, वीज, किडे, जनावरं करून देतात. शहरात बहुतेक वेळा आपणच करतो. हे एकदा समजलं की झाडाची काळजी म्हणजे काय, याबद्दलच्या आपल्या बऱ्याच कल्पना बदलाव्या लागतात.

लाकूड पचवणं सोपं नाही

पावसाळ्यात खोडाच्या बुडाशी तपकिरी, चकचकीत, अर्धगोल फळीसारखं काहीतरी उगवतं. ती बुरशी नव्हे, ते तिचं फळ. आंबा हातात घेऊन कोणी त्याला झाड म्हणत नाही, तसंच हे. खरी बुरशी लाकडाच्या आत असते. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बारीक धाग्यांचं जाळं, पेशींच्या भिंतींतून वाट काढत पसरलेलं. बाहेर फळ दिसलं याचा अर्थ आत जाळं बऱ्यापैकी पसरलेलं आहे.

बुरशीला झाडासारखं उन्हावर अन्न करता येत नाही. ती तोंडाने खातही नाही. आपल्या धाग्यांतून पाचक रसायनं बाहेर सोडते, समोरचा पदार्थ बाहेरच विरघळवते आणि मग शोषून घेते. लाकडात मुख्यतः दोन गोष्टी असतात. सेल्युलोज, म्हणजे लांब चिवट तंतू, ज्यांच्यामुळे लाकूड ताण सहन करतं. आणि लिग्निन, जे या तंतूंना एकत्र बांधून ताठपणा देतं. सेल्युलोज पचवणारे जीव पुष्कळ आहेत. लिग्निन पूर्णपणे मोडू शकणारे फार थोडे, आणि त्यांत बुरशी सगळ्यांत पुढे. जनुकांच्या अभ्यासावरून २०१२ मध्ये शास्त्रज्ञांनी असा अंदाज मांडला की ही क्षमता बुरशीत सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी आली.

काही बुरशी फक्त सेल्युलोज खातात आणि लिग्निन जवळपास तसंच सोडतात. मग लाकूड तपकिरी होतं, चौकोनी तुकड्यांत भेगाळतं आणि कडकन मोडतं. काही बुरशी लिग्निनही खातात, तेव्हा लाकूड पांढुरकं, मऊ आणि धाग्याधाग्यांचं होतं. आपल्याकडच्या रुंद पानांच्या झाडांत ही दुसरी, पांढरी कूज जास्त आढळते.

बुरशीला पाणी मात्र हवंच. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर ती वाढू शकत नाही. जुन्या नाशकातल्या वाड्यांचे सागवानी खांब शंभर-शंभर वर्षं उभे राहिले ते यामुळे, शिवाय सागाच्या गाभ्यात वाळवी आणि बुरशी दोघांनाही नको असलेली रसायनं असतात म्हणून. आणि तेच वाडे आज पावसाळ्यात कोसळतात तेव्हा तुळईचं भिंतीत गेलेलं टोक बघावं. कौलं फुटली, भिंत वर्षानुवर्षं ओली राहिली की सागसुद्धा तिथे हार खातो.

झाडाची जखम भरत नाही

आपल्याला खरचटलं तर त्या जागी नवी कातडी येते. झाडाचं तसं नसतं. एकदा इजा झालेलं लाकूड झाड कधीच दुरुस्त करत नाही. ते त्या भागाला कोंडून टाकतं.

हे नीट समजलं ते अमेरिकन वनखात्यातल्या अ‍ॅलेक्स शायगो या शास्त्रज्ञामुळे. त्याच्या आधीचे संशोधक बहुधा खोड आडवं कापून बघत. शायगोने यांत्रिक करवत घेऊन हजारो झाडं उभी चिरली आणि कूज वर, खाली, आत, बाजूला कशी सरकते ते पाहिलं. १९७० च्या दशकात त्याने जे मांडलं ते आज जगभर झाडांची निगा राखणाऱ्यांचा पाया आहे. जखम झाली की झाड चार दिशांनी भिंती घालतं. वर-खाली पाणी नेणाऱ्या नळ्या बुजवतं. ही भिंत सगळ्यांत कच्ची, म्हणून कूज खोडात उभी लांबवर पसरते. आतल्या बाजूला वार्षिक वलयांचा अडसर. दोन्ही बाजूंना, खोडात आडव्या जाणाऱ्या पेशींच्या पट्ट्यांचा. आणि चौथी भिंत जखमेनंतर नव्याने तयार होणाऱ्या लाकडाच्या सीमेवर असते. ही सगळ्यांत पक्की. जखमेच्या वेळी जे लाकूड होतं ते पुढे कुजून गेलं तरी, त्यानंतर वाढलेलं लाकूड बहुधा शाबूत राहतं.

म्हणून पोकळ झाडं जगतात. ढोली पडलेला वड, आतून रिकामी चिंच दरवर्षी पालवतेच, कारण पाणी आणि अन्न वाहून नेणारा थर बाहेरच्या बाजूला असतो आणि मधला गाभा तसाही मेलेलाच असतो. भोवतालच्या चांगल्या लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण तिसऱ्या हिश्शाइतकी असेल तर झाड सहसा टिकाव धरतं, असा एक ढोबळ आडाखा या क्षेत्रात वापरतात. झाडाचा विस्तार, कल, मुळं हे सगळं बघूनच तो लावायचा. पण ढोली दिसली की झाड धोकादायक, असा थेट निकाल कोणी देत असेल तर तो मानू नये.

ढोल्यांच्या बाबतीत आपल्याकडे एक जुनी पद्धत होती: आतलं कुजकं लाकूड खरवडून काढायचं आणि सिमेंट भरायचं. हेतू चांगला होता, पण खरवडताना झाडाने बांधलेली चौथी भिंतच फुटते आणि बुरशीला नव्या, निरोगी लाकडाची वाट मिळते. वाऱ्यात झाड हलतं, सिमेंट हलत नाही, त्यामुळे दोघांमध्ये फट पडते आणि तिथे पाणी साचतं. ढोली तशीच राहू द्यावी. पोपट, पिंगळे, वटवाघळं, मधमाश्या यांची ती घरं आहेत.

फांदी कापण्याचंही तसंच आहे. फांदी खोडाला जिथे मिळते तिथे एक फुगीर गळा असतो. या गळ्यात बुरशीला अडवणारी रसायनं आणि पेशी आधीपासून तयार असतात. त्या गळ्याच्या लगेच बाहेर कापलं तर काही वर्षांत कड वाढत येऊन जखम झाकली जाते. गळ्यासकट, खोडाला अगदी चिकटून सपाट कापलं तर झाडाचं संरक्षणच काढून टाकल्यासारखं होतं. आणि हातभर खुंट सोडला तर तो मरतो, कुजतो आणि कूज खोडात उतरते. शहरात या दोन्ही चुका रोज दिसतात. सगळ्यांत वाईट म्हणजे वीजतारांखालचा पूर्ण शेंडा छाटून टाकणं. मांडीएवढ्या जाडीचा काप आकाशाकडे तोंड करून उघडा राहतो, त्यात पावसाचं पाणी साचतं आणि त्याच्या कडेने जे झुपके फुटतात ते कुजणाऱ्या लाकडावर वरवर चिकटलेले असतात. दहा वर्षांनी याच फांद्या वादळात खाली येतात.

त्यातही वेळ बघा. ही छाटणी मेमध्ये होते, पावसाळ्याच्या तोंडावर. जूनपासून लाकूड कुजवणाऱ्या बुरशींची फळं उगवतात आणि एकेक फळ दिवसाला अब्जावधी बीजाणू (बुरशीचं बी) हवेत सोडतं. म्हणजे जखमा ताज्या असतानाच बीजाणूंचा हंगाम सुरू होतो. तारांना लागणाऱ्या फांद्या कापाव्या लागतात हे मान्यच. पण तेच काम हिवाळ्याच्या शेवटी, झाड पालवायच्या बेतात असताना, लहान-लहान फांद्यांवर दर एक-दोन वर्षांनी केलं तर झाडाला जखमेची कड बांधायला पूर्ण उन्हाळा मिळतो.

कापावर रंग किंवा डांबर लावायचं का? मोठ्या झाडांवर शायगोने वर्षानुवर्षं तपासून पाहिलं. रंगाने कूज थांबत नाही. उलट ओलावा आत कोंडतो. फळबागेत ठरावीक रोगासाठी मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात ती गोष्ट निराळी, तिला तिचं कारण आहे. रस्त्यावरच्या वडाला मात्र नीट दिलेला काप पुरतो.

मुळांशी चाललेलं काम

खोडावरच्या जखमा निदान दिसतात तरी. मुळांचं काय होतं ते झाड पडल्यावरच कळतं.

झाड जितकं उंच तितकी मुळं खोल, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पाणी आणि अन्न शोषणारी बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या दोन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराच्या कितीतरी पलीकडे पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. नाशकात तर जागोजागी दोन-तीन फुटांखाली मुरूम आणि काळा पाषाण लागतो, त्यामुळे मुळं आडवीच जातात. आता विचार करा, रस्त्याकडेचं झाड आणि त्याच्या एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला केबलचा चर, बुंध्यापर्यंत भिडलेले पेव्हर ब्लॉक. चर खणताना जेसीबीच्या दातांनी हाताएवढी मुळं ओरबाडून तुटतात. तुटलेलं टोक मातीत गाडलं जातं, वर काँक्रीट येतं. झाड मात्र त्या वर्षी हिरवंगार दिसतं. पुढच्या वर्षीही दिसतं.

अशा वेळी खाली जी बुरशी काम करते तिच्यात गॅनोडर्माचं नाव आपल्याकडे सगळ्यांत आधी घ्यावं लागेल. बाभूळ, खैर, शिसव, गुलमोहर, सुबाभूळ अशा कितीतरी झाडांची मुळं ती कुजवते. एका झाडाच्या आजारी मुळाला दुसऱ्याचं मूळ लागलं की तिकडे सरकते. झाड तोडलं तरी जमिनीत राहिलेल्या खुंटात ती अनेक वर्षं तग धरते आणि त्याच खड्ड्यात लावलेल्या नव्या रोपाला गाठते. एकाच जागी पुन्हा पुन्हा झाड लावलं आणि पुन्हा पुन्हा वाळलं, तर आधीचा खुंट तसाच खाली आहे का ते खणून बघावं.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या यंत्रणांना झाडांच्या बुंध्याभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं. मला विचाराल तर एक मीटर ही अगदी किमान गोष्ट झाली, मोठ्या वडाला तेवढ्याने काही होत नाही. पण तेवढं तरी प्रत्येक कॉलनीत करता येतं, आणि त्यासाठी कुठलंही औषध लागत नाही. मोकळी माती, वर पालापाचोळ्याचा थर आणि बुंध्याला न टेकणारं उथळ आळं. खिळे ठोकून लावलेल्या पाट्या आणि खोडाला करकचून बांधलेल्या लायटिंगच्या तारा काढायलाही कोणाची हरकत नसावी.

वडाबद्दल एक सांगायचं राहिलं. वडाच्या पारंब्या जमिनीला टेकल्या की त्यांची खोडं होतात आणि मूळ खोड कुजून गेलं तरी झाड उभं राहतं. वडाने बुरशीवर काढलेला हा उपाय आहे. आपण वाहनांच्या अडचणीपायी पारंब्या छाटतो आणि शे-दोनशे वर्षं जगू शकणाऱ्या झाडाचा तो आधारच काढून घेतो.

द्राक्षवाल्यांना जे माहीत आहे

रोग का होतो हे नाशिक जिल्ह्यात कोणाला शिकवायची गरज नाही. निफाड, दिंडोरी, पिंपळगावच्या द्राक्षबागाईतदाराला विचारा. ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळी फूट असताना ढगाळ हवा आली, पानं रात्रभर ओली राहिली, की तो झोपत नाही. डाऊनी, म्हणजे केवडा रोग, येणार हे त्याला ठाऊक असतं. तोच रोगजनक कोरड्या हवेत काही करू शकत नाही, आणि फूट जून झाली असेल तर फारसं बिघडत नाही. झाड, रोगजनक आणि हवामान या तिन्ही बाजू जुळल्या तरच रोग होतो. वनस्पतीरोगशास्त्रात याला रोगत्रिकोण म्हणतात. (डाऊनीचा जीव खरं तर बुरशी नाही, दिसायला धाग्यांचा असला तरी त्याचं नातं पाण्यातल्या शेवाळांशी जवळचं आहे. भुरी हा द्राक्षांवरचा दुसरा रोग मात्र अस्सल बुरशीचा.)

डाऊनीवरच्या औषधाची गोष्ट नाशिककरांनी ऐकावी अशी आहे. फ्रान्समध्ये बोर्डोच्या परिसरात वाटसरू द्राक्षं तोडतात म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. निळसर डाग बघून कोणी हात लावत नसे. मिलार्दे नावाच्या वनस्पतीशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की त्याच वेलींची पानं डाऊनीपासून वाचली आहेत. १८८५ मध्ये त्याने बोर्डो मिश्रण जगापुढे आणलं. आजही ते आपल्या बागांत फिरतं आहे.

आता हाच त्रिकोण रस्त्यावरच्या आणि डोंगरावरच्या झाडाला लावा. चाळीस फूट उंच झाडावर कोणी फवारणी करत नाही, करूही नये. बुरशीचे बीजाणू हवेतून पुसून टाकता येत नाहीत. हवामान आपल्या हातात नाही. उरते एकच बाजू, झाडाची ताकद. तहानलेलं, मुळं तुटलेलं, घुसमटलेलं झाड भिंती बांधू शकत नाही, कारण भिंती बांधायलाही साठवलेलं अन्न खर्च होतं. २०२१ मध्ये तेलंगणात कडुनिंबाची झाडं मोठ्या प्रमाणावर शेंड्याकडून वाळू लागली तेव्हा फोमॉप्सिस ही बुरशी आणि रस शोषणारा ढेकण्या किडा या दोघांचं नाव पुढे आलं. शेंड्याकडून वाळण्याच्या अशा रोगांत एकच आरोपी पकडून चालत नाही, हे जंगलांच्या अभ्यासात वारंवार दिसलं आहे.

डाळिंबातल्या मर रोगाचंही उदाहरण घ्या. मालेगाव, सटाणा, देवळ्याकडच्या शेतकऱ्यांनी त्यापायी उभ्या बागा काढल्या. आधी एका फांदीची पानं पिवळी पडतात, मग झाड उभ्या उभ्या सुकतं. खोड आडवं कापलं तर लाकडात करडे-तपकिरी पट्टे दिसतात. सेराटोसिस्टिस या बुरशीने पाणी नेणाऱ्या नळ्यांची नासाडी केलेली असते. याच बुरशीच्या भावकीने ओमान आणि पाकिस्तानात आंबे मारले, आणि हवाई बेटांवर ओहिया नावाचं तिथलं मूळचं झाड जंगलच्या जंगल वाळवलं. ती माती, पाणी, अवजारं आणि खोड पोखरणारे भुंगे यांच्यामार्फत फिरते. म्हणून मर लागलेल्या बागेतली छाटणीची कात्री दुसऱ्या बागेत नेण्याआधी निर्जंतुक करतात. शहरात झाडं छाटणारी करवत सकाळपासून संध्याकाळपर्यंत वीस झाडांवर फिरते. ती कोणी पुसताना मी पाहिलेली नाही.

परकी बुरशी आणि एकाच जातीची रांग

झाडांच्या रोगांचा इतिहास बघितला तर मोठी संकटं बहुतेक एकाच पद्धतीने आली. दुसऱ्या खंडातली बुरशी रोपांबरोबर किंवा लाकडाबरोबर आली, आणि इथल्या झाडांची तिच्याशी ओळखच नव्हती.

१९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात चेस्टनटची काही झाडं वाळताना दिसली. आशियातून आणलेल्या रोपांबरोबर आलेली ती बुरशी होती. आशियातल्या चेस्टनटांना ती फारशी बाधत नाही, कारण दोघं लाखो वर्षं एकत्र राहिले आहेत. अमेरिकेत पन्नासेक वर्षांत तिने तीन ते चार अब्ज झाडं मारली. मुळं जिवंत राहतात, अजूनही फुटवे येतात, पण मोठे होण्याआधीच पुन्हा वाळतात. युरोपात एल्म वृक्ष वाळू लागले तेव्हा कारण शोधलं नेदरलँड्समध्ये, योहाना वेस्टरडाइक यांच्या प्रयोगशाळेतल्या तरुण संशोधक स्त्रियांनी. १९२१ च्या सुमारास बेआ श्वार्त्स यांनी बुरशी ओळखली, ज्येष्ठांनी शंका घेतली, आणि क्रिस्टीने बाउसमन यांनी पुढे ती पुन्हा सिद्ध केली. साल पोखरणारे भुंगे ही बुरशी एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात.

चेस्टनटच्या बाबतीत युरोपात पुढे एक विलक्षण गोष्ट दिसली. काही झाडांवरची बुरशी रोडावलेली होती, झाडं जखमा झाकून घेत होती. बुरशीलाच एका विषाणूने पछाडलं होतं. हा विषाणू मुद्दाम पसरवून तिथे बरीच झाडं वाचवली गेली. इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या जॉन रिशबेथ यांनी पाइनच्या तोडलेल्या खुंटांवर एक निरुपद्रवी लाकूडखाऊ बुरशी लावायची पद्धत काढली. ती आधी जागा धरते, मग मुळं कुजवणाऱ्या घातक बुरशीला शिरकाव मिळत नाही. आज युरोपातल्या जंगलांत तोडणी करतानाच यंत्र खुंटावर तिचं द्रावण फवारतं. आपल्याकडे ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी वापरणाऱ्या शेतकऱ्याला यातलं तत्त्व लगेच कळेल. बुरशीला बुरशीनेच आवरायचं.

आपल्या जंगलांना यातून घेण्यासारखं आहे ते रांगांबद्दल. एकाच जातीची, एकाच वयाची झाडं मैलभर लावली की रोगाला एका झाडावरून दुसऱ्यावर जायला काहीच त्रास पडत नाही. सागाच्या पानांच्या मागे नारिंगी भुकटी दिसते तो तांबेरा. पावसाळ्याच्या उत्तरार्धात साग डोंगरच्या डोंगर जाळीदार होतात ते अळ्यांचं काम, बुरशीचं नाही. नैसर्गिक मिश्र जंगलात हे दोन्ही असतं, पण मध्ये ऐन, धावडा, हेदू, कळंब, बिब्बा येत असल्यामुळे पसरण्याचा वेग कमी राहतो. एका रात्रीत हजारो रोपं लावण्याच्या मोहिमा होतात तेव्हा मी आधी रोपवाटिकेतली पिशवी उलटी करून बघायला सांगेन. मुळं तळाशी गोल गोल गुंडाळलेली आणि टोकं काळी पडलेली असतील, तर ती रोपं आणि त्यांच्यासोबतचा रोग डोंगरावर नेऊन आपण काही कमावणार नाही.

डोंगरावर

त्र्यंबक, पेठ, सुरगाणा, इगतपुरीच्या जंगलांत बुरशीकडे शत्रू म्हणून बघणं चुकीचं ठरेल. तिथे ती नसेल तर पडलेली फांदी वर्षानुवर्षं तशीच पडून राहील आणि तिच्यातलं अन्न मातीत परत जाणारच नाही. बहुतेक झाडांच्या मुळांत तर बुरशी भागीदार म्हणूनच राहते. तिचे धागे मुळं पोचत नाहीत तिथून फॉस्फरस आणि पाणी आणतात, बदल्यात झाड साखर देतं. सागाच्या मुळांतही ही भागीदारी असते. झाडं या धाग्यांतून एकमेकांशी बोलतात, आई झाड लेकरांना अन्न पाठवतं अशा गोष्टी खूप फिरतात. १९९७ मध्ये सुझान सिमार्ड यांनी दोन जातींच्या रोपांमध्ये कार्बनची देवाणघेवाण दाखवली हे खरं. पण २०२३ मध्ये याच विषयातल्या तीन संशोधकांनी सगळे पुरावे तपासून सांगितलं की जंगलात प्रत्यक्ष असं किती घडतं याबद्दलचे दावे पुराव्यांच्या पुढे गेले आहेत. भागीदारी पक्की आहे, बाकीच्या गोष्टी सांभाळून सांगाव्यात.

मारणारी बुरशीही जंगलात एका मर्यादेपर्यंत कामाचीच. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात आर्मिलारिया या बुरशीचं एकच जाळं सुमारे ९६५ हेक्टर जंगलाखाली पसरलेलं आहे. ते झाडं मारतं, मोकळ्या जागा करतं, तिथे दुसऱ्या जाती उगवतात. वनव्यवस्थापनात म्हणूनच आजकाल विचारतात की ही बुरशी इथे किती आणि का वाढली आहे. आजारी झाड सरसकट तोडायचं की सोडायचं हे त्या उत्तरावर ठरतं. मेलेलं, वाळलेलं लाकूड जंगलातून पूर्ण उचलून नेणं हा तर सुतारपक्ष्यापासून भुंग्यांपर्यंत सगळ्यांचा तोटा.

आपल्या डोंगरांना त्यामानाने मोठा त्रास आहे तो वणव्यांचा. फेब्रुवारी ते मे या काळात ब्रह्मगिरी, अंजनेरी, बोरगड कुठेही बघा, काळे पट्टे दिसतात. गवत जळून जातं आणि जून झालेला साग वाचला असं वाटतं. पण वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला, जिथे ज्वाळा खोडाला जास्त वेळ चिकटून राहतात, तिथली साल आतून भाजते, दोन-तीन वर्षांत सुटते आणि बुंध्याशी त्रिकोणी जखम उघडी पडते. गाभ्यातली कूज नेमकी इथून शिरते. दरवर्षी वणवा लागला की तीच जखम मोठी होते. भाताच्या आणि नागलीच्या राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजण्यासाठी, पश्चिमेकडच्या तालुक्यांत ऐनाच्या फांद्या तोडतात, त्याला नावं ठेवणारे खूप आहेत. मला वाटतं ते अन्यायाचं आहे. मनगटापेक्षा बारीक फांद्या ऐन लवकर झाकून घेतो आणि पुन्हा फुटतो. अर्जुनाची साल औषधासाठी खोडाभोवती गोल सोलून काढणं याच्या कितीतरी पट घातक आहे. गोल सोललं की पानांतून मुळांकडे जाणारी साखर थांबते आणि मुळं उपाशी मरतात.

ओळखायचं कसं

फळ उगवलं नसेल तर तज्ज्ञ आधी लाकडी हातोडीने खोड ठोकून बघतात. पोकळ भागाचा आवाज बदलतो. पुढे एक बारीक सुई खोडात फिरवत घालतात आणि तिला किती अडथळा होतो याचा आलेख काढतात. आणखी एक पद्धत म्हणजे खोडाभोवती संवेदक बसवून एकाकडून दुसऱ्याकडे ध्वनी पाठवायचा. कुजलेल्या लाकडातून तो हळू जातो, त्यावरून आतलं चित्र तयार होतं. बुरशी नेमकी कुठली हे आता डीएनएवरून ठरवतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे, तिथे जिवंत नमुने जपून ठेवले जातात आणि ओळख पटवली जाते.

सामान्य माणसाला यातलं काही नसलं तरी चालतं. पावसाळ्यात आपल्या गल्लीतल्या झाडांच्या बुंध्याभोवती फिरून या. मुळांवर किंवा खोडाच्या बुडाशी फळीसारखी बुरशी, एका बाजूची माती भेगाळून वर उचललेली, नव्याने कललेलं खोड, भर पावसाळ्यात शेंड्याची पानं बारीक आणि विरळ. यांतलं काही दिसलं तर तारीख घालून फोटो काढा, शेजारी गेल्या काही वर्षांत कुठलं खोदकाम झालं ते लिहा आणि महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज द्या. अर्जात ‘धोकादायक झाड तोडावे’ असं लिहू नका, ‘तपासणी करावी’ असं लिहा. १९७५ च्या महाराष्ट्राच्या झाडांच्या कायद्यात २०२१ मध्ये बदल होऊन ५० वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा आला आहे, म्हणून झाडाचं अंदाजे वयही टाका. बऱ्याचदा वरचा भार योग्य जागी कमी करून, किंवा खालून टेकू देऊन झाड आणखी कित्येक वर्षं उभं ठेवता येतं. आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका, कारण पुढच्या मेमध्ये करवत घेऊन माणसं येतील तेव्हा दाखवायला तोच कागद लागेल.